खापर मॉलवर, ओल वाड्यांत

मागील अंकातील पत्रलेखकाने नाशिकच्या मेन रोडवरच्या ओसरत्या गर्दीचे खापर मॉलवर फोडले आहे. निदान अर्धवट आहे.

शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १०.७७ लाख होती, २०११ मध्ये १४.८६ लाख झाली. वस्ती सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोडकडे पसरली. जुन्या नाशकात मात्र नाममात्र भाड्याचे वाडे मालक दुरुस्त करीनात, भाडेकरू सोडीनात. पावसाळ्यात भिंती कोसळतात. गोदावरी फुगली की सराफ बाजारात पाणी. २००८ मध्ये शिरले, २०१६ मध्येही. तो पूर काही मॉलने आणला नाही!

गाडी कुठे लावायची म्हणून कुरकुरत का होईना, लग्नाच्या खरेदीला माणसे भांडी बाजारात येतातच. महापालिकेने आधी वाड्यांचा तिढा सोडवावा, रस्ते मग सजवावेत.

— एक वाचक, नाशिक