एचआयव्ही, गर्भारपण आणि मलेरिया : गोळी नाही, मग बचाव कसा?

घाटकोपरच्या असल्फा, भटवाडीसारख्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत पाणी ठरावीक वेळेलाच येते. त्यामुळे घरोघरी पिंप भरून ठेवावे लागते. मुंबईत मलेरिया पसरवणारा ‘अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्साय’ डास अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, इमारतींच्या टाक्यांत आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात धोका सगळ्यांनाच असतो. पण एचआयव्हीसह जगणाऱ्या गर्भवतीला तो अधिक.

धोका अधिक का?
एचआयव्हीमुळे मलेरियाशी लढण्याची ताकद कमी होते. फॅल्सिपेरम मलेरियाचे परजीवी गर्भवतीच्या वारेत साठतात. त्यातून आईला रक्तक्षय होतो, बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. मुंबईत आढळणारा व्हायवॅक्स मलेरियाही गर्भारपणात हलक्यात घेण्यासारखा नाही.

प्रतिबंधक गोळी का नाही?
आफ्रिकेतील मलेरियाग्रस्त भागांत गर्भवतींना ‘सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामाइन’चे डोस देतात. मात्र एचआयव्ही असलेल्या अनेक महिला इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल घेतात. दोन्ही सल्फा औषधे असल्याने एकत्र देता येत नाहीत. ‘डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपराक्विन’ या पर्यायाची केनिया आणि मलावीत चाचणी झाली. 2024 मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष आशादायक आहेत. भारतात मात्र गर्भवतींना सरसकट अशी गोळी दिली जात नाही. इथे भर आहे तो डास रोखण्यावर आणि लवकर निदानावर.

काय करावे?
• पिंप, टाकी घट्ट झाकावी. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासून कोरडे करावे.
• रात्री मच्छरदाणीतच झोपावे.
• ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासावे. महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.
• डॉक्टरांना गर्भारपण आणि एआरटी, दोन्ही सांगावे. व्हायवॅक्ससाठी दिले जाणारे प्रायमाक्विन गर्भवतीला चालत नाही.
• एआरटीची गोळी तापातही स्वतःहून बंद करू नये.

एचआयव्हीची माहिती गोपनीय ठेवण्याचे संरक्षण 2017 च्या कायद्याने दिले आहे. शंका असल्यास 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

पण सगळा भार त्या एकट्या बाईवर टाकून चालणार नाही. गच्चीवरची उघडी टाकी सोसायटीची आणि बांधकामावरचे साचलेले पाणी बिल्डरचे असते. पावसाळ्यात एआरटी केंद्र आणि प्रसूतिपूर्व तपासणी, दोन्हीकडे प्रत्येक भेटीत दोन प्रश्न विचारले जायला हवेत: ताप आला होता का? मच्छरदाणी आहे का? त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.