स्वादुपिंडातील खडे

जयपूरच्या एका भगिनीने विचारले आहे : यजमानांच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत खडे आहेत, शस्त्रक्रियेवाचून ते निघतील काय?

पुष्कळदा निघतात. शरीराबाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी हे चुनखडीसारखे खडे फोडता येतात. १९८० साली म्यूनिक येथे मूत्रपिंडाच्या खड्यांवर प्रथम योजलेला हा उपाय पुढे स्वादुपिंडासाठीही उपयोगी ठरला. ५ मिलिमीटरांहून मोठे खडे ३ मिलिमीटरांहून बारीक होईपर्यंत लहरी देतात. उरलेले कण बहुधा दुर्बिणीने काढतात. पाचकरसाची वाट मोकळी झाली की वेदना बहुधा शमते.

परंतु झिजलेली ग्रंथी पूर्ववत होत नाही. म्हणून मद्य व तंबाखू कायमची वर्ज्य करावी आणि रक्तातील साखर वेळोवेळी तपासावी. मद्याला कधीही न शिवलेल्यांनाही हा रोग जडतो. तेव्हा रुग्णाला दोष न देता धीर द्यावा.