निर्वासिताची शिदोरी

‘निर्वासित’ हा शब्द मराठीत चांगला रुळला आहे. पण त्यात एक उणीव आहे. माणूस आपल्या ठिकाणाहून हुसकला गेला, एवढेच तो सांगतो. येताना त्याने बरोबर काय आणले, त्याविषयी तो मुका. पैसाअडका, दागदागिने सरहद्दीवर काढून घेता येतात; अंगातली कला तेवढी झडतीत सापडत नाही. पण परमुलखात ती चालेल याची हमी कोण देणार? सुताराची करवत कुठल्याही गावच्या लाकडावर चालते. संगीतकाराला मात्र ऐकणारे कान लागतात, आणि कान ज्या त्या देशाचे असतात.

वॉल्टर कॉफमन यांची कथा या दृष्टीने मोठी बोधक आहे. १९०७ साली कार्ल्सबाद येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बर्लिनला ते संगीत शिकले, प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी अभ्यास पुरा केला. आणि आपले मार्गदर्शक नाझी युवक संघटनेचे स्थानिक पुढारी आहेत असे कळताच डॉक्टरेट घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. नावामागे ती दोन अक्षरे लागावीत म्हणून आम्ही मास्तर मंडळी काय काय सोसतो, हे ठाऊक असल्यामुळे या नकाराचे मोल मला अंमळ अधिकच वाटते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. १९३४ च्या फेब्रुवारीत कॉफमन मुंबईत दाखल झाले.

येथल्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना काहीएक उमगले नाही. अशा वेळी ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणून मोकळे होण्याची सोय सर्वांनाच असते. कॉफमन यांनी उलटा विचार केला : लाखो माणसांचा ज्यावर जीव आहे ते संगीत टाकाऊ कसे असेल? उणे असेल तर ते आपल्याच कानात! आणि मोठा विद्वान शिकायला बसला.

पण शिकता शिकता त्यांनी आपलेही सोडले नाही. त्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या वादकांत व्हायोलिनवर मेहली मेहता होते. मोहन भवनानींच्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. पुढे १९४६ पर्यंत मुंबई नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांच्याकडे होता. पिढ्यान् पिढ्या ज्या धुनेने पहाटे घरे जागी झाली, ती आकाशवाणीची शिवरंजनीची धून त्यांचीच. खाली तंबोरा, वर व्हायोलिन! त्यांची सारी वाटचाल त्या चिमुकल्या रचनेत मावली आहे.

चित्रकारांच्या जगातही असेच घडत होते. हिटलरच्या जर्मनीतून १९३३ साली आलेले रूडी फॉन लायडन हे भूगर्भशास्त्राचे डॉक्टर. मुंबईत ते कलासमीक्षक झाले, आणि घरगडी म्हणून राबणाऱ्या के. एच. आरांचे गुण त्यांनी हेरले. वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह व्हिएन्नाहून १९३८ साली आले. त्यांच्या घरी तरुण चित्रकारांची बैठक जमे. एमान्युएल श्लेसिंगर ही चित्रे पदरच्या पैशाने विकत घेत. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाक्रे यांचा ‘प्रोग्रेसिव्ह’ गट १९४७ साली उभा राहिला, त्याला या मंडळींचा मोठा टेकू होता.

आपण फार उदार यजमान होतो, असे मात्र कोणी समजू नये. १९३९ साली युद्ध पेटताच इंग्रज सरकारने नाझींपासून पळालेल्या कित्येक ज्यूंनाही शत्रूचे प्रजाजन ठरवून तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत डांबले. सुटका व्हायची ती चौकशीअंती. आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाला श्रोते मुंबईत ते किती! कॉफमन यांनी १९४६ साली मुंबई सोडली. त्यांना पूर्ण वाद्यवृंद मिळाला तो कॅनडात. १९४८ ते १९५७ ते विनिपेगच्या सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक होते. आसरा देणे वेगळे आणि वाव देणे वेगळे, हे येथे कबूल करावे लागते.

तरी ते आपल्याकडून रिकाम्या हाताने गेले नाहीत. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर १९६८ साली आणि दाक्षिणात्य रागांवर १९७६ साली जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केले. जे कानाला परके वाटले होते, त्याचेच ते आता परक्यांना शिक्षक झाले! १९८४ साली ते वारले. त्यांची धून कोट्यवधींना पाठ, त्यांचे नाव फारच थोड्यांना.

दिवाळीत दाराशी आलेल्याला विन्मुख धाडू नये, ही आपली रीत. दाराशी कोणी घरदार गमावलेला आला, तर ‘तुझे काय काय गेले?’ हे आपण कळवळून विचारतो. त्याचबरोबर ‘तुला काय काय येते?’ असेही विचारत जावे. पहिल्या प्रश्नाने त्याला धीर येतो. दुसऱ्याने तो पुन्हा उभा राहतो.