विद्वत्तेचा तराजू कोणाच्या हाती?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य आरंभिले. आदिपर्व पूर्ण होण्यास १९३३ साल उजाडले आणि संपूर्ण संहिता सिद्ध झाली ती १९६६ मध्ये. १,२५९ हस्तलिखिते धुंडाळणाऱ्या सुखटणकर, बेलवलकर, वैद्य प्रभृती पंडितांना 'यंदा किती शोधनिबंध? किती सायटेशन्स?' असे दरवर्षी विचारले गेले असते, तर हे कार्य तडीस गेले असते काय?

आज विद्यापीठांना नेमके हेच विचारले जाते. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या 'एनआयआरएफ' या राष्ट्रीय मानांकनात संशोधनाला १०० पैकी ३० भार आहे आणि शोधनिबंधांची मोजदाद होते ती स्कोपस व वेब ऑफ सायन्स या परदेशी सूचींवरून. स्कोपसची मालकी एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे आहे. ज्याची नियतकालिके, त्याचीच मोजपट्टी! खेळाडूच पंच झाल्यावर निकालाविषयी शंका घेणे हा अपराध कसा ठरतो?

मुळात १९६४ मध्ये यूजीन गारफिल्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स प्रसिद्ध केला, तो संशोधकाला आपल्या विषयातील निबंधांचा माग काढता यावा म्हणून. वाट दाखवणारा कंदील पुढे न्यायाधीशाच्या आसनावर बसविला गेला. वैद्यकातील निबंधाचे उल्लेख झपाट्याने वाढतात. गणितातील किंवा इतिहासातील निबंधाचे संथपणे. मराठी वा संस्कृतातील ग्रंथाचे तर या सूचीत बहुधा खातेच नसते. विषयभेद न पाहता हे आकडे शेजारी शेजारी मांडणे म्हणजे धान्य आणि अत्तर एकाच मापाने मोजणे होय.

आकड्यांच्या या हव्यासाची फळेही समोर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला गुणांकांची जोड दिली आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. पुण्याच्या विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या यादीत आलेली १,००९ नियतकालिके तपासली गेली. त्यांपैकी सुमारे ८८ टक्के निकषांवर उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाला यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. मापच ध्येय झाले की माणसे मापापुरतीच वाढतात.

मग मूल्यमापन नकोच काय? मुळीच तसे नाही. मोजमाप नसेल तर वशिला आणि आळस यांचेच फावते. सार्वजनिक पैशाचा हिशेब विद्यापीठांनी दिलाच पाहिजे. मात्र आकडा हा साक्षीदार असावा, न्यायाधीश नव्हे. पाश्चात्त्य विद्वानांनाही हे उमगले आहे. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्राने नियतकालिकाच्या गुणांकावरून संशोधकाची योग्यता ठरविण्यास विरोध केला; २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करण्यास बजावले. जे त्यांनी टाकून द्यायला घेतले, ते आपण मस्तकी का धरावे?

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक विषयाची तुलना त्याच विषयाशी व्हावी. प्राध्यापकाचे निवडक लेखन जाणकारांनी प्रत्यक्ष वाचावे. भारतीय भाषांतील ग्रंथ व नियतकालिके यांची विश्वासार्ह सूची देशातच उभी राहावी. वाचण्याचे कष्ट टाळण्यासाठी मोजणे सुरू झाले आहे. ते कष्ट पुन्हा पत्करल्यावाचून विद्यापीठे विद्येची पीठे होणार नाहीत.