बिनविरोध गाव आणि मतदाराचे कर्तव्य

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मार्गासनी हे काही राजकीय उलथापालथीचे केंद्र नव्हे. परंतु स्थानिक निवडणुकीत मतदान हे नागरिकाचे कर्तव्य आहे काय, या प्रश्नाची खरी कसोटी अशाच गावी लागते. लोकसभेला लाखो मतांत एक मत बुडून जाते. ग्रामपंचायतीच्या प्रभागात मात्र चार-दोन मतांनी निकाल फिरतो. समसमान मते पडल्यास चिठ्ठी टाकावी लागते. पुण्या-मुंबईस पोटासाठी गेलेला माणूस मतदानास आला नाही, तर नळ कोणत्या वस्तीस आधी मिळणार, हे दुसरेच कोणी ठरवितात.

म्हणून कर्तव्य आहे, हे निःसंशय. ते दंडाने लादावे काय? गुजरातने स्थानिक निवडणुकांत सक्तीचे मतदान आणणारा कायदा केला. त्यास २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणी स्थगित केली. रोजंदारी बुडवून गावी येऊ न शकणाऱ्या मजुरास दंड करणे ही लोकशाही नव्हे. कर्तव्य सांगावयाचे, तर त्यास भरपगारी रजा प्रथम मिळवून दिली पाहिजे.

दुसरा धोका 'बिनविरोध' या गोंडस शब्दात आहे. खर्च व भांडणे टळतात, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु देवळात बसून चार पुढाऱ्यांनी केलेल्या निवडीत कातकरी वाडी, दलित वस्ती आणि घरातील स्त्री यांना कोणी विचारले? नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी येथे पदांचे लिलाव झाल्याचे उघड झाले आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला तेथील निवडणूक रद्द करावी लागली. विरोध नसणे म्हणजे एकमत असणे, असे नव्हे.

आणि कर्तव्य एकट्या मतदाराचेच काय? राज्यघटनेच्या ७३व्या दुरुस्तीने पंचायतीची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले. तरीही पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तेथे वर्षानुवर्षे प्रशासक राहिला. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. परंतु अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. ज्या शासनाने मतपेटीच समोर ठेवली नाही, त्याने मतदारास कर्तव्याचे पाठ देऊ नयेत.

मतदान हे कर्तव्य आहे. परंतु ते एका दिवसाचे नव्हे. मत दिल्यानंतर ग्रामसभेत जमाखर्च विचारणे हा त्याचाच उत्तरार्ध होय. कार्यकर्त्यांनी मतदारयादी हाती घेऊन वाडी-वस्तीवर जावे, नाव नसलेल्यांचे नाव घालावे, आणि निकालानंतरही त्याच वाटेने पुन्हा जावे. मत मागणाऱ्यास हिशेब विचारणारा मतदार उभा राहील, तेव्हाच पंचायत खऱ्या अर्थाने गावाची होईल.