हिरव्या जर्सीचे वाचन

२४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर नेल्सन मंडेला सहा क्रमांकाची हिरवी जर्सी घालून उतरले आणि रग्बी विश्वचषकाच्या इतिहासाला त्याची सर्वांत लाडकी प्रतिमा मिळाली. वर्णभेदापायी १९८७ आणि १९९१च्या स्पर्धांना मुकलेल्या दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १५-१२ असे हरवले. ही प्रतिमा खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या जर्सीविरुद्ध खेळणाऱ्या कोणत्याही संघाचा कृष्णवर्णीय प्रेक्षक जयघोष करीत, ती अंगावर चढवायला धैर्यच लागते.

आमचा आक्षेप तिच्या वाचनाला आहे. २००९च्या 'इन्व्हिक्टस' चित्रपटात मंडेला कर्णधार फ्रान्स्वा पिनारला हेन्लीची कविता देतात. प्रत्यक्षात त्यांनी दिला होता थिओडोर रूझवेल्टच्या भाषणातला उतारा. (पडद्यावर कविता अधिक शोभते, हे मान्य!) तपशील किरकोळ वाटेल. पण समेटाची कथा गोळीबंद करण्याच्या याच घाईत, त्या संघात चेस्टर विल्यम्स हा एकटाच श्वेतेतर खेळाडू होता, हे वाचकाच्या नजरेआड होते. सिया कोलिसीच्या रूपाने पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार लाभायला २०१८ साल उजाडावे लागले. त्याने चषक उचलला तो २०१९ मध्ये, योकोहामाला.