गच्ची कुणाची?

मार्च लागला की आमच्या जयनगरात दोन गोष्टी हमखास होतात. रस्त्याकडेची झाडं फुलायला लागतात आणि अपार्टमेंटच्या सभेत वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहतात. "रात्री दहाला स्टुलावर चढून छताला हात लावून बघा, तवा असतो तवा!" हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ आहे. तळमजल्यावरच्या अण्णांचं उत्तरही पाठ आहे. "गच्ची तुमच्या डोक्यावर, मग खर्च आमच्या डोक्यावर का?"

तर वाचकहो, आधी याचाच निकाल लावू. कर्नाटकचा 1972 चा अपार्टमेंट मालकी कायदा छपराला सामाईक भागात धरतो, महाराष्ट्राचा 1970 चा कायदाही तेच म्हणतो. करारपत्रात काही वेगळं लिहिलेलं नसेल, तर गच्ची सगळ्यांची आणि तिची डागडुजीही सगळ्यांची. अण्णांना हे पटायला एक सभा आणि दोन कप कॉफी लागली.

बेंगळुरू म्हणजे थंड हवा, असं अजूनही पुण्याचे नातेवाईक म्हणतात. एप्रिल 2016 मध्ये इथे पारा 39.2 अंशांवर गेला होता, हे त्यांना सांगून पाहा. त्यातून वरच्या मजल्याची गोष्ट वेगळीच. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता काही तासांनी खाली सोडतो. म्हणून बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि घरात पंखा गरम हवाच फिरवत बसतो. मग एसी येतो, आणि त्या तापलेल्या छताशी तो रात्रभर झगडतो.

उपाय साधा आहे : ऊन आत येण्याआधीच परतवायचं. जुनं, काळवंडलेलं काँक्रीट बरंचसं ऊन शोषून घेतं, पांढरंशुभ्र छप्पर त्यातलं बहुतेक परत फेकतं. तेलंगणाने 2023 मध्ये यासाठी 'कूल रूफ' धोरणच आणलं. अहमदाबादेत तर गरीब वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम झाली. साधा चुनाही चालतो, फक्त तो पावसात धुपतो आणि पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

पण थांबा, रंगाचा डबा लगेच आणू नका. आमच्याकडे आधीच्या एका वर्षी हीच चूक झाली. ठेकेदाराने भेगांवरूनच पांढरा रंग मारला, पहिल्याच पावसात तो फुगला आणि काकूंच्या देवघराच्या भिंतीवर ओल उतरली. पांढरा रंग म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. ओल आधी थांबवायला हवी, कारण ओला स्लॅब कोरड्यापेक्षा उष्णता जास्त सहज आत आणतो. हवेपेक्षा पाणी उष्णतेचं वीसपट तरी चांगलं वाहक आहे. आणि आतली सळई गंजून फुगली की खालचा गिलावा पडतो, ते वेगळंच.

म्हणून यंदा सुरुवात झाडूने केली. पाऊसपाण्याच्या नळ्यांच्या तोंडांतून पानांचे लगदे निघाले, एक क्रिकेटचा चेंडूही निघाला. मग नळ्यांची तोंडं बंद करून गच्चीवर बोटभर-दोन बोटं पाणी भरलं आणि दोन दिवस खालची छतं पाहिली. गळती सापडली ती भलतीकडेच : टीव्हीच्या डिशचे बोल्ट जिथे थेट स्लॅबमध्ये ठोकले होते तिथे, आणि कठड्याच्या कोपऱ्यातला वाटा जिथे सुटला होता तिथे. सोलर हीटर बसवताना तरी स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करा.

एकाने सुचवलं, जुन्यावर नवा ब्रिकबॅट कोबा टाकू. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. जुन्या इमारतीवर असे थर चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायलाच हवं. आम्ही विचारलं, आणि भेगा भरून लेप देण्यावर भागलं.

माळवदाच्या घरात वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. दर पावसाळ्याआधी माळवदावर माती पसरायची, कोकणात कौलं शाकारायची, हे घरचंच काम असायचं. स्लॅब आल्यावर आपण वर बघणंच सोडलं. मात्र गावचं वेळापत्रक इथे चालत नाही. बेंगळुरूत एप्रिलपासूनच वळीव कोसळतो, त्यामुळे काम जानेवारी ते मार्चमध्ये उरकावं. मे महिन्याची वाट पाहिली, की ओल्या स्लॅबवर रंग मारण्याची वेळ येते.

गच्ची स्वच्छ झाल्याचा आणखी एक फायदा विजेच्या बिलात दिसत नाही. आपल्या नळाला येणारं कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळपास पाचशे मीटर वर चढवून आणतात. हजार लिटरला नुसत्या चढणीचीच दोनेक युनिटं वीज धरा. गच्चीवरचं पावसाचं पाणी मात्र आपोआप खाली येतं. ते कसं साठवायचं हे बघायला लांब जायला नको, जयनगरच्या पाचव्या ब्लॉकमध्ये सर एम. विश्वेश्वरय्यांच्या नावाचं पर्जन्यजल उद्यान आहे. मुलांना घेऊन जा. पहिल्या पावसाचं पाणी तेवढं सोडून द्यायचं, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

रंगाचे दोन हात मार्चअखेरीस झाले. दुपारी गच्चीवर डोळे दिपतात, हा तोटा खरा. धूळ बसली की पांढरेपणाचा गुण उतरतो, म्हणून महिन्यातून एकदा गच्ची झाडायच्या पाळ्या लावल्या आहेत. काकूंनी अजून एसी लावलेला नाही, रात्री खिडकी उघडी ठेवतात. अण्णा परवा पहिल्यांदाच वर आले, चपला काढून एक फेरी मारली आणि विचारलं, "इथे हप्पळ वाळत घालायला कुणाची परवानगी लागते?" पुढच्या रविवारी झाडायची पाळी त्यांची आहे.